सही लांबवण्याची ताकद
राष्ट्रपती म्हणजे रबरी शिक्का, हे मला अर्धसत्य वाटतं. मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक आहेच, पण ४४ व्या घटनादुरुस्तीमुळे तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. १९९७ मध्ये नारायणन यांनी उत्तर प्रदेशातल्या राष्ट्रपती राजवटीची शिफारस अशीच परत पाठवली. सरकारने ती सोडून दिली.

विधेयकांसाठी आहे राज्यघटनेचं कलम १११. धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चासारख्या बाबींचं विधेयक, परत पाठवता येत नाही, घटनादुरुस्तीला तर संमती द्यावीच लागते. इतर विधेयक परत आल्यावर संसदेने पुन्हा मंजूर केलं, की सही अटळ. २००६ मध्ये लाभाच्या पदाच्या, म्हणजे खासदारांना कोणती सरकारी पदं धरता येतील याच्या, विधेयकावर कलामांना ती करावी लागली.

मात्र सहीची मुदत कलमात नाही. टपाल अडवण्याचे व्यापक अधिकार सरकारला देणाऱ्या १९८६ च्या विधेयकावर झैलसिंग यांनी सही केली नाही, ते परतही पाठवलं नाही. त्याचा कायदा झालाच नाही.