उपांत्य फेरीतला विक्रम
बार्सिलोनाच्या पालाउ सांत जॉर्दी या बंदिस्त क्रीडागृहात २०१३ साली झालेल्या जागतिक जलतरण स्पर्धेतली महिलांची २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची (बेडकासारखे पाय झटकत छातीवर पोहण्याच्या प्रकाराची) शर्यत मी आजवर अनेकदा पाहिली आहे, आणि दर वेळी मला अंतिम फेरीपेक्षा तिच्या आदल्या दिवशीची उपांत्य फेरीच अधिक ओढून घेते. १ ऑगस्टच्या त्या संध्याकाळी डेन्मार्कच्या रिके मोलर पेडरसनने २ मिनिटे १९.११ सेकंदांत भिंतीला हात लावला आणि अमेरिकेच्या रिबेका सोनीचा २:१९.५९ हा विश्वविक्रम मोडला. सोनीने तो जवळजवळ एक वर्षापूर्वी, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत केला होता. बार्सिलोनात मात्र विक्रम झाला तेव्हा गळ्यात घालायला पदक नव्हते, कारण पदकांचा निकाल दुसऱ्या संध्याकाळी लागायचा होता.

तो लागला तेव्हा सुवर्णपदक रशियाच्या युलिया येफिमोव्हाकडे गेले. तिची वेळ २:१९.४१ होती, पेडरसन २:२०.०८ वेळेसह दुसरी आली आणि अमेरिकेची मायका लॉरेन्स २:२२.३७ वेळेसह तिसरी. म्हणजे पेडरसनने आदल्या दिवसाचीच वेळ पुन्हा दिली असती, तर ती ३० शतांश सेकंदांनी जिंकली असती. प्रत्यक्षात एका रात्रीत तिची वेळ जवळजवळ एका सेकंदाने वाढली. (त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये येफिमोव्हाच्या उत्तेजक चाचणीत बंदी असलेला पदार्थ आढळला आणि तिच्यावर सोळा महिन्यांची बंदी आली, बार्सिलोनाचे पदक त्याआधीचे असल्याने ते तिच्याकडेच राहिले. हा निकाल नियमाला धरून आहे हे मला कळते. पण ही चित्रफीत पाहताना ती गोष्ट डोक्यातून जात नाही.)

या अंतरात एक सेकंद म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी ब्रेस्टस्ट्रोकची घडण पाहावी लागते. पोहण्याच्या चारही प्रकारांत हा सर्वांत संथ आहे आणि त्यात वेग क्षणाक्षणाला बदलतो. किक मारून शरीर पाण्यात सरळ ताणले जाते तेव्हा वेग सर्वाधिक असतो. पुढच्या किकसाठी गुडघे दुमडून टाचा वर ओढल्या, की मांड्या पाण्याला आडव्या येतात आणि शरीर जणू ब्रेक लागल्यासारखे थबकते. ताज्या दमाची जलतरणपटू किकनंतर हात पुढे ताणून तो वेग पुरेपूर वापरते. दम संपत आला की हे सरकणे आखडते, हात लवकर उघडू लागतात, स्ट्रोकची संख्या वाढते, आणि जास्त हात मारूनही कमी अंतर कापले जाते. पाहणाऱ्याला वाटते की तिने जोर लावला आहे. खरे तर ती मंदावत असते.

वळणावर हीच गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. मग शरीर गोळा करून पाय भिंतीवर, जोराचा रेटा, पाण्याखाली हातांचा मांड्यांपर्यंत जाणारा एकच लांब ओढा, एक डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखा मारलेला फटका), त्यानंतर ब्रेस्टस्ट्रोकची किक आणि वर येणे. डॉल्फिन किकला परवानगी मिळाली ती २००५ मध्ये. पन्नास मीटरच्या तलावात अशी वळणे तीन येतात. पहिल्या वळणानंतर जलतरणपटू निवांतपणे दूरवर जाऊन वर येते. तिसऱ्या वळणापर्यंत छातीत हवा उरलेली नसते, आणि पाण्याखाली राहणे फायद्याचे आहे हे माहीत असूनही शरीर वर ओढ घेते. म्हणून शेवटचे पन्नास मीटर पाहताना मी क्रमांकाकडे न पाहता, कोण वळणानंतर किती लवकर वर आली, तेवढेच पाहते.

उपांत्य फेरीत विक्रम करून अंतिम फेरीत हुकण्याचा हा प्रकार या शर्यतीत नवा नव्हता. २००९ साली रोममध्ये कॅनडाच्या अ‍ॅनामे पिअर्सने उपांत्य फेरीत २:२०.१२ असा विश्वविक्रम केला, आणि दुसऱ्या दिवशी सर्बियाच्या नाद्या हिगलने २:२१.६२ एवढ्या वेळेत, म्हणजे त्या विक्रमापेक्षा दीड सेकंद संथ पोहून, सुवर्णपदक नेले. पिअर्स २२ शतांश सेकंदांनी मागे राहिली. त्याच अंतिम फेरीत बीजिंगची ऑलिंपिक विजेती सोनी सुरुवातीला सुसाट निघाली, शेवटी तिचे हातपाय उचलेनासे झाले आणि ती चौथी आली. वेग कुठे खर्च करायचा याचा असा जाहीर धडा क्वचितच कोणाला मिळाला असेल.

आणि सोनीने तो घेतला, असे मला वाटते. लंडनमध्ये उपांत्य फेरीत तिने बरोबर २:२०.०० अशी वेळ देऊन पिअर्सचा विक्रम मोडला. पिअर्सचा विक्रम शरीर पाण्यात अधिक तरंगते ठेवून वेग वाढवणाऱ्या आणि पुढे बंदी आलेल्या पॉलियुरेथेन पोशाखांच्या काळातला, तर सोनीचा साध्या कापडी पोशाखातला. दुसऱ्या दिवशी तिने आणखी ४१ शतांश कापले आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक २ मिनिटे २० सेकंदांच्या आत पोहणारी ती पहिली महिला ठरली. उपांत्य फेरीत विक्रम करणे ही चूकच असते, असे म्हणणाऱ्यांना म्हणूनच मी लंडनचा दाखला देते.

पेडरसनच्या वाट्याला मात्र वेगळेच विचित्र यश आले. २०१५ मध्ये कझान येथे जपानच्या कानाको वातानाबेने २:२१.१५ वेळेत सुवर्णपदक जिंकले, आणि कांस्यपदकासाठी पेडरसन, स्पेनची जेसिका वाल आणि चीनची शी जिंगलिन या तिघींची वेळ शतांशापर्यंत सारखी, २:२२.७६, निघाली. तिघींनाही कांस्यपदक देण्यात आले. त्या संध्याकाळीही विश्वविक्रम पेडरसनच्याच नावावर होता, आणि पुढे आणखी सहा वर्षे तसाच राहिला.

तोक्यो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली दक्षिण आफ्रिकेच्या तात्याना स्कूनमाकरने प्राथमिक फेरीतच २:१९.१६ अशी वेळ दिली. विक्रम पाच शतांशांनी वाचला. ३० जुलैला अंतिम फेरीत तिने भिंतीला हात लावला, लगेच तिला काही उमगले नाही, मग फलकावर २:१८.९५ हे आकडे दिसले आणि ती पाण्यातच रडू लागली. अमेरिकेच्या लिली किंग व अ‍ॅनी लेझर आणि स्कूनमाकरची देशभगिनी केलिन कॉर्बेट या तिघी आपापल्या लेनमधून दोऱ्या ओलांडून तिच्यापाशी आल्या.