चार आण्याची फेक

गोल्डन ज्युबिलीच्या अंकासाठी काहीतरी लिही म्हणून ग्रुपवर तीनदा मेसेज आला, शेवटी बसलो. अकरावीतला फिजिक्सचा एक तास सांगतो, बाकी आठवणी इतर लोक लिहितीलच.

डिचोलीचा जुलै. कौलांवर पाऊस असा धोधो की शेजारचा बोललेला कळत नव्हता. पुस्तक इंग्लिश, सर शिकवायचे मराठीत आणि चिडले की कोंकणीत. त्यांनी टेबलाच्या कडेला फूटपट्टी तिरकी ठेवली, बाहेर आलेल्या टोकावर चार आण्याचं एक नाणं, दुसरं पट्टी आणि कडेच्या बेचक्यात, आणि पाऊस ओसरायची वाट बघत चक्क गप्प उभे राहिले. मग पट्टीला टिचकी. एक नाणं तिथल्या तिथे खाली, दुसरं उडून पार तिसऱ्या बेंचखाली, पण लादीवर आवाज एकच, टक्. "आयकलें मरे? एकूच!" टेबल 80 सेंटीमीटर, दोघांनाही पडायला 0.4 सेकंद. आडवं किती जोरात गेलं याचा खाली पडण्याशी काही संबंध नाही. हे मला पटायला दोन दिवस लागले, खोटं कशाला बोलू.

मग कोन आले. हवेचा अडथळा सोडला तर 30 आणि 60 अंशात तेवढ्याच जोरात फेकलेला दगड सारख्याच अंतरावर पडतो, एक सरपटत लवकर, एक वर फिरून उशिरा, आणि सगळ्यात लांब 45 ला. मी लगेच तालुक्याच्या गोळाफेकीत 45 साधत बसलो आणि तिसरा आलो! फार नंतर कळलं, 45 चा नियम फेकलेली वस्तू सुटली त्याच उंचीवर पडली तरच. गोळा खांद्याच्या वरून सुटतो, म्हणून कोन थोडा कमी हवा, शिवाय उंच ढकलताना जोरही कमी पडतो, त्यामुळे चांगले खेळाडू चाळीसच्याही खाली टाकतात. हे सरांनी सांगायला पाहिजे होतं, एवढी एक तक्रार आहेच.

आणि ते उडालेलं नाणं, जे सर तास संपल्यावर वाकून शोधत होते, ते माझ्या बुटाखाली होतं. सुट्टीत गेटवर त्याची चिंच घेतली. परत करायचं मनात होतं, पण 2011 ला चार आणे चलनातूनच गेले.