गौर बसवली, डीमीटर वाचली

चैत्र शुद्ध तृतीया

आज गौर बसवली. लेक गेल्यापासून पाळणा माळ्यावरच होता. सकाळी ह्यांना काढून द्या म्हटलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, जाऊन स्टूल घेऊन आले. चिंच लावून पितळ घासलं. आमच्या बडोद्याच्या खंडेराव मार्केटमधून मोगरा आणि कैऱ्या आणल्या. दारात चैत्रांगण काढलं, पण अर्धंच: शंख, चक्र, गदा, पद्म, सूर्य-चंद्र, तुळस, गोपद्मं. कासव आणि हत्ती तीच काढायची. त्या जागा मोकळ्या ठेवल्या.

खालच्या मजल्यावरच्या बेननी विचारलं, "आ वखते गौरीमा बेसाड्या?" हो म्हटलं. का बसवली ते त्यांना सांगायला बसले असते तर संध्याकाळ झाली असती. म्हणून इथे लिहिते.

हिवाळ्यात तिच्या वह्या आवरायला घेतल्या होत्या. फाइन आर्ट्सला कलेचा इतिहास शिकत होती, त्या वह्या. एकीत ग्रीसमधल्या एका शिल्पाचा छापील फोटो चिकटवलेला होता. डावीकडे राजदंड धरलेली एक बाई, उजवीकडे मशाल धरलेली दुसरी, आणि मधे एक मुलगा. खाली तिच्या अक्षरात: एल्युसिस, इ. स. पू. 440 ते 430, आई डीमीटर, मुलगी पर्सेफनी. आणि त्याखाली एक ओळ, "मुलगी परत आल्यानंतरचं."

त्या ओळीनं मला तिथेच बसवलं. कुठून परत आल्यानंतरचं? मग शोधून वाचायला लागले. ग्रीक कवी होमरच्या नावावर जमा असलेलं एक जुनं स्तोत्र आहे, पाचशे ओळींच्या आतबाहेर, त्यात धान्याची देवी डीमीटर आणि तिच्या मुलीची ही गोष्ट आहे. इंग्रजी भाषांतर मिळालं. रोज दिवेलागणीला थोडंथोडं वाचत गेले. एका बैठकीत वाचवलंच नसतं.

चैत्र शुद्ध सप्तमी

मुलगी कुरणात फुलं वेचत असते. एका नार्सिससला हात घालते तोच जमीन दुभंगते आणि पाताळाचा राजा हेडीस तिला रथात घालून नेतो. मुलीच्या बापाची, देवांचा राजा झ्यूस याची, याला आधीच संमती असते. आईला कुणी विचारलेलंही नसतं. तिला फक्त किंकाळी ऐकू येते.

मग नऊ दिवस ती दोन्ही हातांत मशाली घेऊन पृथ्वीभर हिंडते. तोंडात काही घेत नाही, अंगावर पाणी घेत नाही.

हे वाचलं आणि पुस्तक मिटलं. सुतकाचे पहिले नऊ दिवस मला धड आठवत नाहीत. जाऊबाई भाताची पेज घेऊन यायच्या आणि वाटी तशीच परत जायची, एवढं आठवतं. तेव्हा घरातले सगळे मला आवरत होते. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलं होतं की एक देवी, जिच्या हातात सगळं धान्य आहे, तीसुद्धा नऊ दिवस अशीच होती. ह्या वाचनाला कुणी अभ्यास म्हणेल. मी पूजा म्हणते.

पुढे ती म्हातारीचं रूप घेऊन एल्युसिस गावाच्या विहिरीपाशी बसते. पाणी भरायला आलेल्या राजाच्या मुली तिला घरी नेतात. इयांबे नावाची एक दासी थट्टामस्करी करून तिला हसवते. मग राणी गोड मद्य पुढे करते, ती नको म्हणते आणि स्वतः मागून घेते: जवाचं पीठ, पाणी आणि पुदिन्याच्या जातीचा पाला, एकत्र कालवून.

मी ते करून पाहिलं. जवाचं पीठ पाण्यात शिजवलं, पुदिना चुरडून घातला, मीठ नाही. बेचव लागलं आणि घशाखाली उतरलं. उभ्यानंच प्यायले, ओट्यापाशी.

चैत्र पौर्णिमा

आज हनुमान जयंती. देवळात सकाळपासून भोंगा. दुपारी निवांतपणी हे लिहिते आहे.

लोक म्हणतात, सगळ्या देव्या एकच. मला ते पटत नाही. आपली गौर स्वतः तप करून शंकराला मिळवते, चैत्रात माहेरी येते, महिनाभर झोपाळ्यावर बसते, आंब्याची डाळ खाते, पन्हं पिते आणि अक्षय तृतीयेला सुखानं सासरी जाते. पर्सेफनीला पळवून नेली होती. दोघी वसंतात आईकडे येतात, एवढंच सारखं. तेवढ्यावरून नातं जोडायला गेले तर दोघींवरही अन्याय होईल. डीमीटरला मी तिचीच म्हणून ओळखू पाहते आहे. तिचा फोटो देव्हाऱ्यात ठेवलेला नाही, वहीतच आहे.

मला तिच्यातलं काय हवं होतं ते कळायला वेळ लागला. मला तिचा राग हवा होता. ती रागावते आणि पीक थांबवते. बैल नांगर ओढतात, बी पेरलं जातं, वर काही येत नाही. माणसं उपाशी मरायला लागतात, देवांचा नैवेद्य बंद पडतो. झ्यूस आधी देवांची दूती इरिसला पाठवतो, मग एकेक करून सगळे देव भेटी घेऊन येतात. ती कुणाचंच ऐकत नाही. मुलगी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक अंकुर फुटू देणार नाही म्हणते. तिलाही "धीर धर" म्हणणारे भेटतात, सूर्यदेव तर शोक आवर म्हणून सांगतो. ती आवरत नाही.

मलाही सगळे म्हणाले. तिचं आयुष्यच तेवढं होतं. देवाला आवडली म्हणून नेली. ऐकून घेत गेले, चहा देत गेले.

आपल्याकडे अशी रागावलेली आई कोण, म्हणून आठवत बसले. गांधारी आठवली. ती तर थेट कृष्णाला शाप देते. पण तो शाप सगळं यादवकुळ घेऊन जातो, त्यातून मागे काही उरत नाही. डीमीटर मात्र मुलगी भेटताच शेतं पुन्हा हिरवी करते. तिच्या रागाला पलीकडचा काठ होता.

आणि मग सीतेची आई आठवली. लेक लहान असताना तिला राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात नेलं होतं. तिथे रविवर्म्याचं सीतेच्या भूमिप्रवेशाचं चित्र आहे, 1880 च्या सुमाराचं, गायकवाडांच्या संग्रहातलं. भूमी दुभंगली आहे, भूमिदेवी सीतेला धरून खाली चालली आहे आणि राम हात पुढे करतो आहे. लेकीनं विचारलं होतं, "आई, ती तिला ओढून नेतेय का?" मी म्हटलं होतं, नाही गं, ती तिची आई आहे, घरी नेतेय.

डीमीटरच्या गोष्टीत जमीन दुभंगते आणि आई वर एकटी राहते. इथे जमीन दुभंगते ती आईच असते. लेकीला पुन्हा परीक्षा द्यायला लावणाऱ्यांच्या हाती ती तिला राहू देत नाही. ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत आहे, रामासाठी दरवेळी वाईट वाटत आलं. भूमीच्या बाजूनं ती मी आज पहिल्यांदा वाचली. आपण माणसाला जमिनीत ठेवत नाही, अग्नी देतो. लेकीच्या अस्थी चांदोदला नर्मदेत सोडल्या. त्या दिवशी भाऊजी म्हणाले होते, "मैयाच्या ओटीत घातली." तेव्हा ते शब्द कानावरून गेले होते. आता ते धरून ठेवावेसे वाटतात. कुणीतरी तिला घ्यायला आलं होतं, असं.

चैत्र वद्य चतुर्थी

आज थोडंच. हे स्तोत्र ज्या एका हस्तलिखितामुळे टिकलं ते 1777 मध्ये मॉस्कोत सापडलं. तोवर युरोपातल्या पंडितांनाही ते वाचायला मिळत नव्हतं. पण एल्युसिसच्या शेतकऱ्यांनी तिला सोडलेलं नव्हतं. तिथे एका जुन्या मूर्तीभोवती ते खत रचून ठेवत, तिच्यामुळे शेतं पिकतात म्हणत. 1801 मध्ये क्लार्क नावाचा इंग्रज ती मूर्ती उचलून केंब्रिजला घेऊन गेला. अभ्यासक म्हणतात ती डीमीटरची नाहीच, देवळाच्या दारातल्या टोपली वाहणाऱ्या बाईची आहे. असेल. त्या शेतकऱ्यांची भक्ती मला जास्त खरी वाटते. तिच्या तिथल्या देवळातले गुप्त विधी चौथ्या शतकाअखेर बंद पडले, स्तोत्र कुठे पडलं आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तरी खताचा ढीग तिच्याभोवतीच रचला जात होता.

चैत्र वद्य, शुक्रवार

आज हळदीकुंकू केलं. मोजक्याच बायका बोलावल्या. डाळ वाटली, कैरी किसली, वरून हिंग-मोहरीची फोडणी. पन्हं, कलिंगड, ओटीला भिजवलेले हरभरे. जाऊबाईंची नात आली होती, तिनं चैत्रांगणातली मोकळी जागा बघून न विचारता कासव काढून टाकलं. मी काही म्हटलं नाही. छान काढलं होतं.

बायका बसल्यावर कुणीतरी विचारलं, हल्ली काय वाचता? मी सांगितलं. आधी दोन वाक्यांत सांगणार होते, पण विहिरीपर्यंत आले तेव्हा सगळ्या गप्प झाल्या होत्या, म्हणून पूर्ण सांगितली. डाळिंबाचा दाणाही सांगितला: निघताना हेडीस तो मुलीला खाऊ घालतो, म्हणून वर्षाचा तिसरा भाग तिला खाली राहावं लागतं आणि दोन भाग आईकडे.

आतेसासूबाई कोपऱ्यात खुर्चीवर होत्या. नव्वदीच्या आहेत, ऐकू कमी येतं, त्या ऐकत असतील असं वाटलंच नव्हतं. मधेच म्हणाल्या, "म्हणजे तिनं पेरलेलं उगवू दिलं नाही?"

नाही म्हटलं.

"बरं केलं," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं त्यांनी त्यांच्या पहिल्या मुलाचं नाव घेतलं. तो अडीच वर्षांचा असताना गेला. त्याचं नाव मला या घरात इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं. तो काय खायचा, मांडवीजवळच्या त्यांच्या जुन्या घराच्या ओसरीवर कसा रांगायचा, हे त्या सांगत होत्या, आणि सगळ्याजणी ऐकत होत्या. कुणीही "आता कशाला आठवण" म्हटलं नाही.

निघताना त्यांनी मला बजावलं की गोष्ट नीट ऐकू आली नाही, मंगळवारी घरी येऊन पहिल्यापासून सांग, जोरात. आणि ते जवाचं पीठ कसं करतात तेही लिहून आण. मंगळवारी जाते. पुदिना जाताना घेते.