शंभर मीटर, बिनतारी

शर्यतीच्या शिट्टीचा आवाज शंभर मीटर पलीकडे पोचायला सुमारे ०.२९ सेकंद लागतात. शेवटच्या रेषेवर स्टॉपवॉच घेऊन उभे असलेले सर शिट्टी ऐकून बटण दाबतात, तोवर मुलं सुटलेली असतात. घड्याळ उशिरा सुरू झालं की वेळ कमी भरते. त्यामुळे शाळेत झकास वेळ नोंदवलेला मुलगा जिल्ह्याच्या स्पर्धेत मागे पडला की घरचे त्याच्यावरच नाराज व्हायचे. मोठ्या स्पर्धांत हाताने वेळ घेणारे पंच आवाज ऐकत नाहीत, पिस्तुलाचा धूर पाहतात, ते याचसाठी. आपल्याकडे पिस्तूल नव्हतं, शिट्टी होती.

आमच्या विज्ञानाच्या सरांना हे खटकलं. मी तेव्हा नववीत होतो. सरांनी आम्हा तिघा-चौघांना प्रयोगशाळेत बोलावून सांगितलं, "पोरांची वेळ खरी लागली पाहिजे. सुरुवातीच्या रेषेवर बटण दाबलं की तिथे भोंगा वाजेल आणि त्याच क्षणी शेवटच्या रेषेवरचं घड्याळ सुरू होईल, असं काहीतरी करा." आधी शंभर मीटर वायर टाकून पाहिली. ती मुलांच्या पायात यायची आणि दर शर्यतीनंतर कुठेतरी तुटायची. मग बिनतारीकडे वळलो.

सुट्टे भाग आणायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. ठाण्याहून फास्ट लोकलने दादर, तिथून गाडी बदलून ग्रँट रोड. ४३३ मेगाहर्ट्झचा ट्रान्समीटर आणि रिसीव्हर, एचटी-१२ई हा एन्कोडर आणि एचटी-१२डी हा डिकोडर, एवढाच ऐवज. एन्कोडर बटणाचा हुकूम बारा बिट्सच्या सांकेतिक रूपात पाठवतो: आठ बिट्स पत्त्याचे, चार हुकुमाचे. डिकोडर तो सलग तीनदा जुळवून पाहतो आणि मगच खरा मानतो. या जुळवाजुळवीत वेळ जातो, पण आमच्या जोडणीत तो एक दशांश सेकंदाच्या आत होता, आणि दरवेळी जवळपास तेवढाच असल्याने हिशेबात धरता येत होता. शिट्टीच्या आवाजाचं तसं नाही, पंच कुठे उभा आहे त्यावर तो बदलतो.

टेबलावर सगळं उत्तम चाललं. वऱ्हांड्यात वीस पावलं गेलो आणि संदेश पोचल्याचं दाखवणारा रिसीव्हरचा दिवा विझला. आम्हाला वाटलं, ट्रान्समीटरला पाच व्होल्टऐवजी बारा व्होल्ट द्यावेत. सरांनी खडू घेतला आणि फळ्यावर मांडलं: मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट करायचं तर शक्ती चौपट लागते. जमिनीलगत, जिथे जमिनीवरून परतलेली लहर थेट आलेल्या लहरीला मारते, तिथे जवळजवळ सोळापट. "शक्ती वाढवून किती वाढवाल? आधी जी आहे ती वाया कुठे जाते ते शोधा." आज मी याच क्षेत्रात नोकरी करतो. रेंजबद्दल याहून नेमकं वाक्य मला अजून कुणी ऐकवलेलं नाही.

पहिली गळती अँटेनात होती. ट्रान्समीटरच्या मॉड्यूलला, म्हणजे तयार मिळणाऱ्या छोट्या पट्टीला, अँटेनाच नव्हती, तार डाग देऊन (सोल्डर करून) जोडण्यासाठी नुसतं एक भोक होतं. ४३३.९२ मेगाहर्ट्झची लहर ६९ सेंटिमीटर लांब, तिचा चौथा भाग १७.३ सेंटिमीटर. प्रयोगशाळेतल्या मामांनी घराच्या वायरिंगमधून उरलेला तांब्याचा एकपदरी तुकडा दिला. तो पट्टीवर ताणून सरळ केला, टोक ब्लेडने खरवडलं आणि मॉड्यूलला डाग दिला. पण पाव लहरीची तार म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेल्या अर्ध्याचं काम खालचा धातू करतो. त्यासाठी बिस्किटाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण घेतलं, मधोमध भोक पाडून तार त्यातून अलगद, पत्र्याला न टेकवता वर काढली आणि मॉड्यूलची ग्राउंड झाकणाला जोडली. पत्र्यावर डाग बसायला जरा वेळ लागतो. पॉलिश पेपरने घासून पत्रा चांगला तापू दिला की शिसं चकचकीत पसरतं. तसं पसरलं तरच जोड खरा.

त्या एका झाकणाने जो फरक पडला तो बारा व्होल्टनी पडला नसता, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट रिसीव्हरची. स्वस्तातला रिसीव्हर सुपर-रिजनरेटिव्ह जातीचा होता. संदेश नसला तरी त्याच्या तोंडून सतत खरखर येते आणि शेजारच्या कुठल्याही गोंगाटाने तो भांबावतो. घड्याळाच्या अ‍ॅडॅप्टरवर चालवला की रेंज निम्म्यावर, वेगळ्या सेलवर चालवला की पुन्हा पूर्ववत. पुढे सरांनी स्वतःच्या खिशातून सुपरहेटरोडाइन रिसीव्हर आणून दिला. तो आपल्या वारंवारतेपुरतंच ऐकतो, बाकीचं गाळतो. ट्रान्समीटरला हातही न लावता अंतर वाढलं. दूर बोलायचं असेल तर समोरच्याचे कान तयार करावे लागतात, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

चाचणी घ्यायला शाळेचं मैदान पुरेना, म्हणून रविवारी पहाटे तलावपाळीला गेलो. एक जण गडकरी रंगायतनच्या बाजूला बटण घेऊन, बाकीचे कौपिनेश्वर मंदिराच्या बाजूला रिसीव्हर घेऊन. मध्ये मासुंदा तलावाचं पाणी, ना झाड ना भिंत. तरीही रिसीव्हर कठड्यावर ठेवला की दिवा लागेना. सरांनी तो बांबूला बांधून डोक्यावर उंच धरायला लावला आणि दिवा लखलखीत लागला. कारण त्यांनी तिथेच बाकावर बसून समजावलं. दोन अँटेनांमध्ये लहर दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही, मध्यावर ती फुगते. शंभर मीटरच्या अंतरात या वारंवारतेला मध्यावर सुमारे चार मीटर त्रिज्येची जागा लागते. कठड्याच्या उंचीवर त्यातली खालची बरीचशी जागा पाण्यात जाते. मैदानावर तर माणसं असतात, आणि माणसाचं शरीर ही लहर चांगलीच शोषतं. म्हणून दोन नियम ठरले: बटणाचा डबा पोटाशी न धरता हात वर करून धरायचा, आणि दोन्ही तारा उभ्या ठेवायच्या, एक उभी नि एक आडवी नाही.

त्या वर्षी दादोजी कोंडदेव क्रीडागृहाच्या मैदानावर शंभर मीटरची प्रत्येक शर्यत या डब्याने सुटली. वेळा साहजिकच वाढलेल्या दिसल्या. पी.टी.च्या सरांनी फलकावर त्या जशाच्या तशा लिहिल्या आणि पालकांना आवाजाचा हिशेब स्वतः समजावून सांगितला. त्यांचं मला फार कौतुक वाटतं. वाढलेली वेळ अभिमानाने फलकावर लावायला हिंमत लागते.

यंदाच्या सुवर्णमहोत्सवी क्रीडामहोत्सवासाठी मी नवा संच बनवून शाळेला दिला आहे. तो लोरा, म्हणजे लांब पल्ल्याच्या बिनतारी संदेशांच्या पद्धतीचा आहे आणि ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्टीत चालतो. ही पट्टी भारतात ठरलेल्या मर्यादेत विनापरवाना वापरता येते. वारंवारता दुप्पट झाल्याने तार ८.६ सेंटिमीटरवर आली. लोरात संदेश जितका सावकाश पाठवावा तितका तो दूरवर ओळखता येतो. सर्वांत संथ पायरीवर अंतर किलोमीटरांत जातं, पण आपला चिमुकला संदेशही पाऊण सेकंदाहून जास्त वेळ खातो, म्हणजे शिट्टीपेक्षाही वाईट. म्हणून मी सर्वांत जलद पायरी निवडली. तिथे तोच संदेश तीसेक मिलिसेकंदांत पोचतो, आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकापर्यंत अंतर व्यवस्थित पुरतं. झाकण मात्र याही संचाला आहे, बिस्किटाच्याच डब्याचं. सर आता निवृत्त आहेत. संच दाखवायला घरी गेलो तेव्हा त्यांनी आधी डबा उलटा करून डाग पाहिले, मग म्हणाले, "छान आहे. पण शेवटची रेषा अजून डोळ्यांनीच बघता ना?"

तेच काम आता बाकी आहे. सुरुवात यंत्राने आणि शेवट अंगठ्याने, यात पंचाच्या हाताचा फरक उरतोच. शेवटच्या रेषेवर दोन खांबांमध्ये इन्फ्रारेड किरण लावायचा, छाती आडवी आली की घड्याळ थांबेल. अडचण अशी की पुढे आलेला हातही किरण तोडतो, तेव्हा एकाखाली एक असे दोन किरण लावून दोन्ही एकदम तुटले तरच वेळ धरायची, असा विचार आहे. संच प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, सर्किटची आकृती झाकणाच्या आत चिकटवलीय, वापर झाला की सेल काढून ठेवा. आठवी-नववीतल्या ज्यांना तो उघडून पाहायचा असेल त्यांनी खुशाल उघडावा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत येतो, किरणाचं काम तिथेच सुरू करू.