रुई: झाड की तण?

कॉलनीतल्या मोकळ्या जागेत फुलपाखरं आणि मधमाश्यांसाठी देशी झाडं लावायची ठरली. सभा, ठराव, सह्या एका रविवारात उरकलं. घोडं अडलं ते परवानगीच्या टेबलावर.

फॉर्मात 'झाडाचे नाव' आणि 'रोपवाटिकेची पावती' असे दोन रकाने. मी लिहिलं: तरवड, कोरांटी, कढीपत्ता, रुई. साहेबांनी रुईभोवती लाल पेनानं गोल काढला.

"काका, हे तण आहे. गुलमोहर लिहा की."

"तो मादागास्करचा, साहेब."

"मग? सावली पडत नाही का त्याची?"

दुसऱ्या खेपेला पावती हवी म्हणाले. होटगी रोडच्या कडेला आपोआप उगवणाऱ्या रुईची पावती कोण देणार? तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर. चौथ्या खेपेला मी मोबाईलवर फोटो दाखवत समजावायला बसलो. म्हटलं, हे नारिंगी प्लेन टायगर फुलपाखरू रुईच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. अळी पानातलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी सहसा तिच्या वाटेला जात नाहीत.

"म्हणजे विषारी! मग तर नाहीच. पोरं खेळतात तिथं."

माझंच तोंड मला नडलं.

शेवटी चहा घेऊन आलेले शिपाईमामा म्हणाले, "सायेब, शनवारी मारुतीला हार कशाचा घालतो आपण?" साहेब गप्प. मग 'रुई (पूजेसाठी)' असं लिहून शिक्का मारला. पावतीच्या रकान्यात आडवी रेघ! मे महिन्यातला अर्ज ऑगस्टअखेर सुटला. तुम्ही मार्चमध्येच द्या. आमचं निभावलं, कारण सोलापूरला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरातच पडतो.

पोरांचं मात्र साहेब बरोबर बोलले होते. रुईचा चीक डोळ्यात जाणं वाईट, म्हणून ती मागच्या कुंपणाला लावली. कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या की फवारायला धावू नका, लिंबावरच्या फुलपाखरांच्याच असतात त्या. आणि हो, सगळीकडे फरशी घालू नका. एकट्या राहणाऱ्या कितीतरी मधमाश्या उघड्या मातीत बिळं करतात. तरवडाच्या फुलात मध नसतो, नुसते पराग. भुंगा फुलाला धरून गुंऽऽ करत ते झाडून घेतो. सकाळी जवळ उभं राहिलं तर ऐकू येतं.

परवा शिपाईमामा पानं न्यायला आले होते. म्हटलं, मामा, खालची तोडा. वरच्या दोन पानांवर अळ्या आहेत.