एकच व

चीनमधल्या चेंगडूमध्ये मी दोन वर्षं 'वायज्याव' होते. वायज्याव म्हणजे परदेशी शिक्षक. पण हा शब्द उच्चारताना तिथल्या पालकांच्या डोळ्यांपुढे सोनेरी केसांचं कुणीतरी उभं असतं. मी वेंगुर्ल्याची, सावळी, उंची पाच फूट एक इंच. पासपोर्ट तेवढा कॅनडाचा, आणि कामाचा परवाना देताना तोच बघतात. परकी भाषा शिकवणाऱ्याने शक्यतो आपल्या देशाची मातृभाषाच शिकवावी, असा तिथला नियम. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर इंग्रजीचा शिक्षक होणं फार अवघड. माझ्या मुंबईच्या पदवीवर मंत्रालय, परराष्ट्र खातं आणि चिनी वकिलात असे शिक्के बसले, परवाना आला आणि सरकारदरबारी माझी मातृभाषा इंग्रजी झाली. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मगे आता माझ्यावांगडा खंयच्या भाषेत बोलतलंस?"

आमचं शिकवणी केंद्र शनिवार-रविवारी ओसंडून वाहायचं. तिसरीपासून शाळेत इंग्रजी असतं, आणि बारावीनंतरच्या काओखाव या प्रवेशपरीक्षेत 750 पैकी 150 गुण इंग्रजीचे. त्यामुळे आठ वर्षांच्या पोराचे आईबाप दहा वर्षं पुढचा हिशेब मांडून बसलेले असतात. (जुलै 2021 मध्ये सरकारने सुट्टीच्या दिवशीच्या अशा शिकवण्यांवर बंदी आणली. मी त्याआधीच परतले होते.)

ती गोष्ट 2019 च्या शरद ऋतूतली. सत्र संपताना पालकांसाठी खुला तास असायचा. मुलं पुढे, पालक मागे प्लास्टिकच्या स्टुलांवर. पालक म्हणायचं, पण निम्म्या आज्याच. तास आवडला तर पुढच्या सत्राची फी तिथल्या तिथे भरायचे. म्हणून आमचे संचालक सकाळपासून खोलीतला फळा तीनदा पुसून गेले होते.

पुस्तकात धडा आला होता व्ही आणि डब्ल्यूचा. चिनीत व्हीचा उच्चारच नाही, त्यामुळे मुलं सगळीकडे डब्ल्यू लावतात. प्रत्येक मुलाच्या हातात एकेक छोटा आरसा दिला. भिंतीवर तोंडांची चित्रं: व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकलेले, डब्ल्यूला ओठ शिट्टी मारल्यासारखे गोल. मी म्हणायचं, मुलांनी आरशात बघून म्हणायचं. व्हेस्ट, वेस्ट. व्हाइन, वाइन. छान चाललं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने आरसा खाली ठेवला. ती आरशात बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. मग भिंतीवरच्या चित्राकडे. पुन्हा माझ्याकडे. हात वर करून तिने इंग्रजीतून जे सांगितलं त्याचा अर्थ असा: टीचर, तुमचे दात टेकत नाहीत. आणि ओठ पण गोल होत नाहीत.

मी तिचाच आरसा घेतला आणि म्हणून पाहिलं. व्हेस्ट. वेस्ट. दोन्ही वेळा खालचा ओठ दातांजवळ जाऊन, न टेकता, निवांत परत येत होता. बारा वर्षं टोरांटोत काढली, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिथली माणसं अशा बाबतीत फारच सभ्य. आपल्याला एकच व. लिहिताना आपण व्हीला 'व्ह' करतो खरं, पण व्हॅनही व्हनेच आणि गाडीचं व्हीलही व्हनेच. तेव्हा त्याचा काय उपयोग?

मागे वीसेक फोन माझ्यावर रोखलेले. थाप मारायला वेळ होता, सुचली नाही. मी म्हटलं, ही बरोबर बोलते आहे. माझी मातृभाषा मराठी. भारतात बोलतात. तिच्यात या दोन अक्षरांना मिळून एकच उच्चार आहे, म्हणून मलाही तुमच्यासारखं शिकावं लागेल.

सहायक शिक्षिकेने पालकांसाठी भाषांतर केलं. माझी चिनी बाजारहाटापुरतीच, पण दोन शब्द मला नक्की ओळखता येतात. 'च्यानादा', म्हणजे कॅनडा, तो ऐकू आला. 'यिनतू', म्हणजे भारत, तो आलाच नाही.

मग मी फळ्यावर 'स्नो' आणि 'स्लो' लिहिलं आणि मागच्या रांगेला वाचायला सांगितलं. चेंगडूच्या बोलीत न आणि ल यांची सरमिसळ आहे; 'नान' म्हणजे दक्षिण आणि 'लान' म्हणजे निळा, पण जुन्या माणसांच्या तोंडी दोन्ही सारखंच. आज्यांनी दोन्ही शब्द 'स्लो' वाचले. नातवंडं बाकावर आडवी होऊन हसली. एक आजी तर स्वतःच इतकी हसली की मांडीवरची पिशवी सांडली आणि खोलीभर ह्वाज्यावचा वास पसरला. ह्वाज्याव म्हणजे तिथली जिभेला मुंग्या आणणारी, मिरीसारखी फळं, आपल्या तिरफळाची चुलत बहीण. भर वर्गात मला बांगड्याचं तिखलं आठवलं.

एक वडील हसले नव्हते. संध्याकाळी त्यांनी व्हिडिओ पालकांच्या वीचॅट गटात टाकला आणि विचारलं, शिक्षिकेचा उच्चार प्रमाण आहे का? संचालकांनी उत्तर दिलं की कॅनडाच्या पश्चिम भागात असंच बोलतात. हे मला सहायक शिक्षिकेने दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं, तेव्हा मी हसले. संचालकांनी बोलावून 'तो शब्द' पुन्हा वर्गात नको म्हणून सांगितलं, तेव्हा मात्र हसू आलं नाही. तो शब्द म्हणजे मराठी. मी "बरं" म्हणाले. परवाना त्यांच्या केंद्राच्या नावावर होता, आणि तो गेला तर माझं तिथलं राहणंही गेलं. तरी ते "बरं" आजही घशात अडकतं. त्या वडिलांनी मुलाला काढून घेतलं. चष्मेवालीच्या आजीने फी भरली.

पुढच्या शनिवारी मी आले तर चष्मेवाली दाराशी उभी. हातात आरसा.

"व्हेस्ट," ती म्हणाली.

मी दात टेकवून म्हटलं. तिने मान डोलावली.

"वेस्ट."

मी ओठ गोल केले. तिने आरसा जवळ आणला, चष्मा वर सरकवला, नीट बघितलं.

"अगेन, टीचर."