तंबोऱ्यातली फट

बेळगावहून खानापूर 25-26 किलोमीटर. नोकरीनिमित्त हे अंतर मी कित्येक वर्षे बसने कापत आलो आहे, आणि थांबे धरून पाऊण तास लागणारा हा प्रवास संथ लयीतल्या विलंबित ख्यालासाठी मापून बेतल्यासारखा आहे. खिडकीची जागा मिळाली की कानात इअरफोन खुपसायचे, काडेपेटीएवढ्या एमपी-थ्री प्लेअरचे बटण दाबायचे आणि पिरनवाडी मागे पडेपर्यंत गवयाचा षड्ज लागलेला असावा, एवढीच माझी अपेक्षा असते. गाणी फोनवरही वाजतात. पण ऐन समेवर घरून 'येताना कोथिंबीर आणा' असा फोन येतो, म्हणून हा वेगळा संसार.

माझ्याजवळ कुमार गंधर्वांच्या एका मैफलीची सीडी आहे. 1924 साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला हा गवई आम्ही आमचाच मानतो, आणि त्या सीडीवर विलंबित पहिल्या ट्रॅकमध्ये व जलद लयीतले द्रुत दुसऱ्यात असले, तरी मधला तंबोरा अखंड ऐकू येतो. तीच मैफल एमपी-थ्री करून प्लेअरवर चढवली आणि पहिल्याच दिवशी ठेच लागली. विलंबिताची शेवटची सम आली, तबलजी नव्या ठेक्याच्या तयारीत असावा, आणि तेवढ्यात तंबोराच नाहीसा झाला. दिवा लुकलुकावा इतका वेळ, अर्धा सेकंदही नसेल; पण तासभर ज्या स्वराच्या आधाराने बसायचे तोच पायाखालून सरकला, तर पुढच्या द्रुतात मन कसे लागणार?

कारण शोधत गेलो तेव्हा कळले की यात माझ्या प्लेअरचा दोष निम्माच आहे. सीडीवर एका सेकंदात आवाजाचे 44,100 नमुने घेतलेले असतात, आणि एमपी-थ्री ते 1,152 नमुन्यांच्या फ्रेममध्ये भरते. गाणे फ्रेमच्या हिशेबाने संपत नाही, म्हणून शेवटची फ्रेम शांततेने भरून काढतात. सुरुवातीलाही थोडी शांतता आपोआप शिरते. ही भर किती, याची नोंद फाइलमध्ये ठेवता येते, पण ती वाचण्याची तसदी स्वस्त प्लेअर घेत नाही, शिवाय पुढची फाइल उघडायला तो स्वतःचा वेळ घेतो तो वेगळाच. सुटी सुटी गाणी ऐकणाऱ्याला हे कधी जाणवणारही नाही. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत या पद्धतीची घडण चालू असताना संशोधकांनी कसोटीसाठी सुझान व्हेगा या गायिकेचे एक गाणे पुन्हा पुन्हा वापरले होते, आणि ते गाणे साथीशिवाय गायलेले आहे. मागे तंबोरा असता तर, असे मला उगीचच वाटून जाते.

तंबोऱ्याचे हाल इथेच संपत नाहीत. खडेबाजारातल्या एका दुकानात मेमरी कार्डावर गाणी भरून मिळत; तिथल्या पोराने 'काका, एका जीबीत 17 तास बसवतो' असे अभिमानाने सांगितले होते, आणि बसवलेही. सीडीचा सेकंदाला 1,411 किलोबिटांचा ऐवज 128 मध्ये कोंबायचा, म्हणजे अकरा माणसांना एकाच्या जागेत बसवण्याचा प्रकार. मोठ्या आवाजामागे दडलेला बारीक आवाज कानाला नाही तरी कळत नाही, या भरवशावर तो काढून टाकतात. आता गवयामागचा बारीक आवाज म्हणजे कोणता, हे सांगायला नको. तार राहते, तिची गुंजणारी जवारी जाते, आणि तंबोरा पाण्याखाली वाजल्यासारखा होतो.

नावांचा घोळ तर विचारू नये. गाण्याची माहिती फाइलमध्येच लिहिण्याच्या पहिल्या पद्धतीत शीर्षकाला 30 आणि कलाकाराला 30 बाइट अशी शिस्त होती. युनिकोडच्या रूढ यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीच्या एकेका चिन्हाला, काना-मात्रा आणि हलन्त धरून, तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने गवई मल्लिकार्जुन मन्सूरांचे 'मल्लिकार्जुन'सुद्धा त्यात मावत नाही. पुढच्या आवृत्त्यांनी जागा वाढवली, पण माझ्या प्लेअरला लिपीच येत नाही. मराठी नाव असो की कन्नड, तो सारख्याच रिकाम्या चौकोनांची रांग दाखवतो. सीमाभागात इतका निःपक्षपाती कारभार दुसरीकडे माझ्या पाहण्यात नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गायिका गौहर जान गाणे संपताच स्वतःचे नाव तबकडीतच सांगून टाकत असे, ती सोय बरी होती. आईसाठी भरलेल्या बारा भागांच्या कीर्तनात तर पहिल्यानंतर दहावा, अकरावा, बारावा आणि मग दुसरा असा क्रम लागला. पूर्वरंगात बुवांनी अभंग उलगडायला घेतला, तोच आख्यान रंगात आलेले. आणि आरतीनंतर बुवा पुन्हा अभंगाचे दुसरे चरण सोडवायला बसले. 'बुवांना झालंय तरी काय?' असे तिने विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही.

शेवटी ती फट बुजवण्यासाठी मी दोन्ही ट्रॅक संगणकावर जोडून 58 मिनिटांची एकच फाइल केली. तंबोरा आता कुठेही तुटत नाही. मात्र बंद केल्यावर आपण कुठवर आलो होतो हे प्लेअर विसरतो, आणि पुढे सरकवण्याचे बटण जरा लवकर सुटले की थेट पुढच्या फाइलवर उडी मारतो. त्यामुळे रोज षड्जापासून सुरुवात होते आणि खानापूर आले की गाणे विलंबितातच सोडून उतरावे लागते. द्रुत ऐकायला मिळते, ते फक्त बस वाटेत बंद पडली तर.